सुतकाचे नाते आणि रक्ताचे नाते : आनुवंशिक हृदयविकार आणि रक्ततपासणी



या स्मृतिव्याख्यानमालेत आजवर साहित्य, इतिहास आणि शिक्षण या विषयांवर अधिकारी व्यक्ती बोलून गेल्या आहेत. यंदा विषयनिवडीचे स्वातंत्र्य मला मिळाले आणि मी ‘आनुवंशिक हृदयविकाराची रक्ततपासणी’ असा विषय कळवला, तेव्हा चालकांना थोडे आश्चर्य वाटले असणार. मी वैद्य नाही. आयुष्यभर मराठी शिकवले, पीएच.डी.च्या निमित्ताने कुलवृत्तांत, वंशावळी आणि घराण्यांच्या कैफियती चाळल्या. परंतु हा विषय जितका डॉक्टरांचा आहे तितकाच वंशावळी वाचणाऱ्याचाही आहे, असे माझे मत होत गेले आहे. त्यातला वैद्यकीय भाग मी डॉक्टर झालेल्या माझ्या काही विद्यार्थ्यांकडून समजून घेतला आहे. रक्ताची कोणती तपासणी काय सांगते, काय सांगत नाही, आणि सुई टोचून घेण्यापूर्वी घरातली कोणती माहिती हाताशी असावी लागते, एवढेच आज मांडावयाचे आहे.

भीतीपोटी केलेली तपासणी

२९ ऑक्टोबर २०२१ रोजी कन्नड चित्रपटसृष्टीतील लोकप्रिय अभिनेते पुनीत राजकुमार यांचे वयाच्या ४६ व्या वर्षी अकस्मात निधन झाले. त्यानंतर कित्येक दिवस राज्यातील हृद्रोग रुग्णालयांत तपासणीसाठी रांगा लागल्या. २०२५ च्या जून-जुलैमध्ये हासन जिल्ह्यातील आकस्मिक मृत्यूंच्या बातम्या आल्या आणि म्हैसूरच्या जयदेव रुग्णालयात तशीच गर्दी उसळली. शासनाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने पुढे अभ्यासान्ती सांगितले की, मृत्यूंच्या संख्येत असाधारण वाढ झाल्याचे दिसत नाही.

या रांगांमध्ये उभा असलेला प्रत्येक माणूस एकच प्रश्न घेऊन आला होता : ‘माझे हृदय आज ठीक आहे ना?’ ईसीजीचा कागद या प्रश्नाचे उत्तर काही अंशीच देतो. पण तो त्या दिवसाचे उत्तर देतो. ‘आमच्या घराण्यात काही चालत आले आहे काय?’ हा प्रश्न निराळा आहे, आणि त्याचे उत्तर एकट्याने रांगेत उभे राहून मिळत नाही.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करतो, म्हणजे गैरसमज होणार नाही. अकाली येणारा प्रत्येक हृदयविकार आनुवंशिक नसतो. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ५२ देशांत केलेल्या ‘इंटरहार्ट’ या पाहणीत असे आढळले की तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, रक्तातील स्निग्ध द्रव्ये, पोटाचा घेर, मानसिक ताण अशा नऊ कारणांनी बहुतेक धोक्याचा उलगडा होतो. त्याच पाहणीतून हेही दिसले की दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो. इतर देशांत हेच वय ५९ च्या जवळ आहे. सहा वर्षांचे हे अंतर थोडे नव्हे. बेंगळूरच्या श्री जयदेव हृद्रोग संस्थेने तर २०१७ पासून चाळिशीच्या आतील रुग्णांची स्वतंत्र नोंद ठेवण्यास प्रारंभ केला. आनुवंशिकता हा या साऱ्याचा एक भाग आहे, सगळे काही नाही. मात्र तो सर्वांत आधी, अगदी बालपणीही, ओळखता येणारा भाग आहे. म्हणून त्याविषयी बोलायचे.

वंशावळ काय सांगत नाही

आपल्याकडील कुलवृत्तांत परिश्रमपूर्वक लिहिलेले असतात. मूळ गाव, कुलदैवत, इनामे, कोणी कोणत्या संस्थानात चाकरी केली, हे सारे त्यांत येते. परंतु मृत्यूची नोंद करताना आमची भाषा एकदम हात आखडता घेते. ‘अल्पवयात निवर्तले’, ‘अकस्मात देवाज्ञा झाली’, ‘ऐन उमेदीत कैलासवासी झाले’. या शब्दांत आदर आहे, सांत्वन आहे. कारण मात्र नाही. बोलण्यातही तेच. तरुण माणूस गेला तर ‘काळाने झडप घातली’, ‘दृष्ट लागली’, फार तर ‘हाय खाऊन गेला’. तीन पिढ्यांत चार माणसे पंचेचाळिशीच्या आत गेली, ही गोष्ट अशा भाषेत नोंदलीच जात नाही. चारही मृत्यू सुटे राहतात.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. कुलवृत्तांतात मुलीचे नाव येते, तिच्या सासरचे आडनाव येते, आणि शाखा तेथेच थांबते. तिची मुले दुसऱ्या घराण्याच्या ग्रंथात जातात. धर्मशास्त्राच्या रूढीप्रमाणे हे स्वाभाविक होते. सुतक सपिंडांना दहा दिवसांचे, विवाहित लेकीला तीन दिवसांचे. कोण आपला आणि कोण परका याचे गणित आपण पिढ्यान्‌पिढ्या सुतकाच्या दिवसांवर केले.

रक्ताचे गणित असे चालत नाही. आपल्या प्रत्येक पेशीत आईकडून आलेला एक आणि वडिलांकडून आलेला एक असे जनुकांचे दोन संच असतात. आज मी ज्या विकारांविषयी बोलणार आहे, त्यांतील बहुतेकांत एका बाजूचा दोष पुरेसा असतो, आणि तो प्रत्येक अपत्याकडे जाण्याची शक्यता निम्मी असते. मुलगा असो, मुलगी असो, निम्मी. लेकीचे आडनाव बदलल्याने त्यात बदल होत नाही. गंमत अशी की आपल्या प्राचीन वैद्यकाने हे मनोमन ओळखले होते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात व्याधींचे जे सात वर्ग सांगितले आहेत, त्यांतला पहिला ‘आदिबलप्रवृत्त’, म्हणजे शुक्रशोणितातील दोषांमुळे उद्भवणारा. आणि त्याचेही मातृज व पितृज असे दोन भेद केलेले आहेत. सुश्रुतांनी आईची बाजू मोजली. ती विसरल्या त्या आमच्या वंशावळी.

पहिली तपासणी : कोलेस्टेरॉलची

आनुवंशिक हृदयविकाराची तपासणी म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे जनुके, मोठ्या प्रयोगशाळा आणि मोठा खर्च उभा राहतो. वस्तुतः सर्वांत उपयोगी तपासणी आपल्या हुबळी-धारवाडच्या गल्लीबोळांतील कोणत्याही प्रयोगशाळेत होते. तिला ‘लिपिड प्रोफाइल’ म्हणतात.

रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण असतात. त्यांतील एका प्रकाराला एल.डी.एल. म्हणतात. यकृताच्या पेशींवर या कणांना पकडून आत घेणारे ग्राहक असतात, जणू दारावर उभे असलेले हमाल. काही घराण्यांत हे हमाल निर्माण करणाऱ्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असते. हमाल निम्मेच, त्यामुळे माल रस्त्यातच साचतो. हा साठा जन्मापासून वाढत असतो, आणि तिशी-चाळिशीत हृदयाच्या रोहिण्या अरुंद होऊ लागतात. मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी अमेरिकेतील डॅलस येथे १९७० च्या दशकात ही यंत्रणा शोधून काढली. त्यांना १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या विकाराला ‘कौटुंबिक अतिकोलेस्टेरॉल’ म्हणावे.

हा विकार दुर्मीळ नाही. जगभरात सुमारे तीनशे माणसांत एकाला तो असतो, असा अंदाज आहे. २०११ च्या जनगणनेत हुबळी-धारवाडची लोकसंख्या सुमारे ९ लाख ४० हजार होती. तेच प्रमाण येथे धरले, तर या जुळ्या शहरांत तीन हजारांहून अधिक माणसे अशी निघतील, आणि त्यांपैकी बहुतेकांना त्याची कल्पना नसेल. उपचार न झाल्यास अशा पुरुषांपैकी सुमारे निम्म्यांना पन्नाशीपर्यंत आणि स्त्रियांपैकी सुमारे तीस टक्क्यांना साठीपर्यंत हृदयविकार गाठतो.

प्रौढ माणसाचे एल.डी.एल. १९० किंवा त्याहून अधिक असेल, तर डॉक्टर या विकाराची शंका घेतात. काही वेळा शरीरही खुणा दाखवते : टाचेमागची शीर जाड होणे, बोटांच्या सांध्यांवर पिवळट गाठी, पंचेचाळिशीच्या आतच बुबुळाभोवती पांढुरके कडे. पण या खुणा नसल्या म्हणजे विकार नाही, असे होत नाही.

आणि येथे एक मोठी सुदैवाची गोष्ट आहे. या दोषावर औषध आहे. जपानी संशोधक अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात बुरशीपासून शोधलेल्या द्रव्यातून ‘स्टॅटिन’ वर्गातील औषधे पुढे आली. त्यांतले पहिले १९८७ मध्ये बाजारात आले. आज ती सामान्य माणसाला परवडणारी आहेत. लवकर सुरू केली आणि नियमित घेतली, तर जन्मजात जोखीम पुष्कळ प्रमाणात उतरते. म्हणून अशा घरातील मुलांची तपासणी दहा वर्षांच्या आत करून घ्यावी, असा तज्ज्ञांचा सल्ला असतो. नेदरलँड्समध्ये १९९४ पासून दोन दशके एक राष्ट्रीय उपक्रम चालला : एक रुग्ण सापडला की प्रशिक्षित कार्यकर्ते त्याच्या भावंडांकडे, मुलांकडे, चुलत आणि मावस नातेवाइकांकडे जात आणि त्यांचे रक्त तपासत. एका दिव्याने दुसरा दिवा लावावा तशी ही पद्धत आहे.

माझ्या आजोळची हकीकत

ही पद्धत मला पुस्तकातून कळली नाही. माझे आजोळ बेळगाव जिल्ह्यातले. थोरले मामा १९६१ मध्ये ४२ व्या वर्षी गेले. धाकटे मामा १९७४ मध्ये ४६ व्या वर्षी शेतातून परत येताना बांधावरच कोसळले. मधले मामा मात्र ऐंशीच्या पुढे जगले. घराच्या मुख्य दरवाजात दोष आहे, असे कोणी सांगितले. तो दरवाजा फोडून उत्तरेला नवा केला. पुढे वर्षानुवर्षे या मृत्यूंविषयी कोणी बोलले नाही.

२०१३ मध्ये माझ्या मावसभावाच्या मुलाला वयाच्या ३६ व्या वर्षी छातीत कळ आली. सुदैवाने तो हुबळीतच होता, वेळेवर उपचार झाले, वाचला. त्याचे एल.डी.एल. २६८ निघाले. डॉक्टरांनी त्याच्या टाचा चाचपून पाहिल्या आणि विचारले, ‘घरात कोणी लवकर गेले आहे का?’ तो म्हणाला, ‘नाही.’ त्याच्या दृष्टीने ते खरेच होते. त्याच्या घरात, त्याच्या आडनावाच्या माणसांत, कोणी गेले नव्हते. गेले होते ते त्याच्या आजीचे भाऊ.

मग माझ्याकडे वंशावळीचे काम आले. आजोळची छापील वंशावळ होती; तीत तिन्ही मामा होते. माझी आई आणि मावशी नव्हत्या. मी नवा तक्ता काढला, लेकींच्या शाखांसह. बेळगाव, गदग, पुणे आणि अमेरिकेतल्या एका शहरापर्यंत तो पसरला. एकूण १९ जणांनी रक्त तपासून घेतले. सात जणांचे एल.डी.एल. त्या विकाराशी जुळणारे निघाले. त्यांत दोन मुले होती, एक नऊ वर्षांचे, एक बारा वर्षांचे. आज ती दोघे औषध घेतात आणि आपापल्या उद्योगात आहेत. आईकडून तो दोष मला आला नाही. माझ्या धाकट्या बहिणीला आला. एकाच आईची दोन लेकरे. यात कोणाची पुण्याई नाही आणि कोणाचे पाप नाही. नाणे एकदा छाप पडले, एकदा काटा पडला.

आयुष्यात एकदाच करावयाची तपासणी

दुसरी तपासणी ‘लायपोप्रोटीन-ए’ या द्रव्याची. रिपोर्टवर ती एल.पी. आणि कंसात लहान ए अशी लिहिलेली असते. नॉर्वेतील कोरे बर्ग यांनी १९६३ मध्ये हे द्रव्य प्रथम ओळखले. एल.डी.एल.सारख्याच कणाला आणखी एक प्रथिन चिकटलेले असते. याचे रक्तातील प्रमाण बव्हंशी जनुकांनीच ठरते, बालपणीच स्थिर होते, आणि आहार-व्यायामाने फारसे हलत नाही. म्हणून ते आयुष्यात एकदा मोजले तरी सहसा पुरते. नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये ते येत नाही. वेगळे सांगावे लागते.

भारतीय हृद्रोगतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे कार्डिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने, २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत ही तपासणी प्रत्येकाने निदान एकदा करावी, असे सुचवले आहे. ५० मिलिग्रॅमच्या वर गेलेले प्रमाण अधिक मानतात, आणि सुमारे चौथा हिस्सा भारतीयांत ते अधिक असते. पहिले लिपिड प्रोफाइल अठराव्या वर्षी, आणि घरात अकाली हृदयविकार असेल तर त्याआधी करावे, हेही त्याच सूचनांत आहे.

कोणी विचारील, जे आहाराने उतरत नाही ते मोजून काय साधणार? उत्तर साधे आहे. ज्याच्या एका पारड्यात जन्मतःच वजन पडले आहे, त्याने दुसरे वजन तरी टाकू नये. त्याने तंबाखूला हात लावू नये, रक्तदाब आणि साखर हयगय न करता सांभाळावी, एल.डी.एल. इतरांपेक्षा खाली ठेवावे. इंग्रजी ‘रिस्क’साठी आपण ‘धोका’ म्हणतो; मला ‘जोखीम’ अधिक योग्य वाटते. जोखणे म्हणजे वजन करणे. या दोन शब्दांचे मूळ एकच की काय हा वाद पंडितांवर सोपवू. पण जोखीम ही जोखता येते, वाहता येते, सांभाळून उतरवता येते, हे व्यापाऱ्याला पूर्वीपासून माहीत आहे.

जनुकांची पोथी आणि पाठभेद

आता तिसरी तपासणी, प्रत्यक्ष जनुकांची. तिच्याविषयी सर्वांत जास्त कुतूहल असते आणि सर्वांत जास्त गैरसमजही.

पोथ्यांचे उदाहरण घेऊ. नाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, कारण नकला करता करता पाठभेद शिरले होते. पोथ्यांवर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते की सगळे पाठभेद सारखे नसतात. पुष्कळ पाठभेदांनी अर्थाला धक्का लागत नाही. थोड्यांनी अर्थ बदलतो. आणि काहींच्या बाबतीत अर्थ बदलतो की नाही हेच सांगता येत नाही. जनुकांची पोथीही नकलांमधूनच पिढ्यान्‌पिढ्या आली आहे. तीतही हेच तीन प्रकार आढळतात. म्हणून जनुकीय तपासणीचा निकाल नेहमी ‘दोष आहे’ किंवा ‘दोष नाही’ असा येत नाही. ‘बदल आहे, पण अर्थ अनिश्चित’ असाही येतो. जगातील जनुकांचे संदर्भसाठे प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांच्या तपासणीतून उभे राहिले असल्याने आपल्या लोकांत असे अनिश्चित निकाल अधिक येतात.

आपल्याच देशातले एक उदाहरण बोलके आहे. हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील, म्हणजे ‘सीसीएमबी’तील संशोधकांनी २००९ मध्ये दाखवले की हृदयस्नायूतील एका प्रथिनाच्या जनुकातून पंचवीस अक्षरे गळालेली असतात, आणि असा बदल सुमारे चार टक्के भारतीयांत आढळतो. हृदयस्नायूच्या विकारांशी त्याचा संबंध दिसत होता. चार टक्के म्हणजे कोट्यवधी माणसे. साहजिकच वर्तमानपत्रांत मोठे मथळे आले. पुढे २०२० मध्ये ब्रिटनमधील संशोधकांनी फेरतपासणी केली. त्यांना असे दिसले की ही पंचवीस अक्षरे गळाल्याने एकट्याने फारसे बिघडत नाही. ही अक्षरे गळालेल्यांपैकी थोड्याच लोकांत त्याच जनुकात जवळपास आणखी एक लहानसा बदल असतो, आणि खरी जोखीम त्याच्याशी निगडित आहे. पोथीच्या भाषेत सांगायचे तर, सर्वांनी जिच्याकडे बोट दाखवले ती चूक बहुतांशी निरुपद्रवी निघाली. काही प्रतींत तिच्याबरोबर उतरलेली शेजारच्या ओळीतील चूक अर्थ बिघडवत होती.

यावरून पहिले संशोधन वाया गेले असे कोणी समजू नये. पाठचिकित्सा अशीच पुढे जाते. पण केवळ पहिल्या निकालावर कोणी एखाद्या तरुणाला ‘तू रोगी आहेस’ असे सांगितले असते, तर तो अन्याय झाला असता. म्हणून जनुकीय तपासणीचे काही दंडक लक्षात ठेवावेत. ती कुतूहल म्हणून, जाहिरात वाचून करू नये. घरात जो प्रत्यक्ष आजारी आहे त्याच्यापासून ती सुरू करावी. त्याच्यात निश्चित दोष सापडला, तरच निरोगी नातेवाइकांत तोच नेमका दोष शोधण्याला अर्थ येतो. आजारी माणसाविना निरोगी माणसाची तपासणी केली आणि काही सापडले नाही, तर त्यातून निर्धास्त होता येत नाही. आणि हृदयस्नायूच्या विकाराची शंका असेल, तर पहिली तपासणी रक्ताची नसतेच. ईसीजी आणि टूडी एको आधी करावे लागतात.

सोयरिकीचा प्रश्न

आता नाजूक भागाकडे वळतो. आमच्या आजोळच्या तक्त्यातील एका शाखेने रक्त देण्यास नकार दिला. मुलीचे लग्न व्हायचे होते. ‘एकदा कागदावर आले की चर्चा होणार,’ असे तिचे वडील म्हणाले. त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. स्थळे कशी पाहिली जातात, हे आपण सारे जाणतो. मुलीने पुढे लग्नानंतर, स्वतः निर्णय घेऊन, तपासणी करून घेतली. दोष निघाला नाही. पण मधली सहा वर्षे ती शंका घेऊन जगली, आणि दोष असता तर त्या सहा वर्षांचे औषध बुडाले असते.

लपवण्याला आणखी एक बाजू आहे. आपल्या भागात, कन्नड घरांत तसेच अनेक मराठी घरांतही, मामाच्या मुलीशी आणि काही समाजांत प्रत्यक्ष मामाशी विवाह होतात. जवळच्या नात्यातील विवाहांचे प्रमाण कर्नाटकात देशातील बहुतेक राज्यांपेक्षा अधिक आहे. घराण्यात अतिकोलेस्टेरॉलचा दोष असेल, तर अशा विवाहात तो दोन्ही बाजूंना असण्याचा संभव वाढतो. दोघांतही असेल, तर प्रत्येक अपत्याला दोन्ही प्रती बिघडलेल्या मिळण्याची शक्यता चारांत एक. अशा मुलांचे एल.डी.एल. पाचशेच्याही वर जाते आणि हृदयविकार बालपणी किंवा कुमारवयात येऊ शकतो. लेबनॉनमधील अवेदिस खाचादुरियान या संशोधकाने १९६४ मध्ये नात्यातील विवाह असलेल्या कुटुंबांचा अभ्यास करूनच एका प्रतीचा आणि दोन प्रतींचा फरक स्पष्ट केला. चालीरीतींची निंदा करण्यासाठी मी हे सांगत नाही. ज्या दोन घरांत आधीच नाते आहे, त्यांनी सोयरिकीपूर्वी लिपिड प्रोफाइल पाहावे, एवढेच म्हणतो. पत्रिका पाहण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

नव्या नात्यात मात्र एकाच बाजूला हा दोष असेल, तर तो विवाह मोडण्याचे कारण होऊ नये. तीनशेंत एकाला असलेली, गोळीने ताब्यात राहणारी ही गोष्ट आहे. विमा मिळणार नाही, ही भीतीही काहींना वाटते. विमा नियामक प्राधिकरणाने मार्च २०१८ मध्ये आरोग्यविमा कंपन्यांना सांगितले आहे की, केवळ आनुवंशिक विकार या कारणावर दावा फेटाळू नये. आणि एक विवेक आपणही पाळावा : तपासणीचा निकाल ज्याचा त्याचा असतो. नातेवाइकांना ‘आपल्या घरात हे आहे, तपासून घ्या’ असे कळवणे हे कर्तव्य. कोणाचा आकडा किती आला हे चारचौघांत सांगणे हा आगाऊपणा.

कोरा तक्ता

शेवटी, आपण काय करावे? दिवाळीत किंवा गणपतीत घरातली वडीलधारी मंडळी एकत्र येतात. एक मोठा कागद घ्यावा आणि तीन पिढ्यांचा तक्ता काढावा. वडिलांची बाजू आणि आईची बाजू, दोन्ही, मुलगे आणि लेकी, दोन्ही, लेकींची मुलेही. प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहाव्यात : हयात असल्यास वय, निधन झाले असल्यास त्या वेळचे वय, कारण, आणि तंबाखू वा मधुमेह होता की नाही. ‘देवाज्ञा’ हे कारण लिहू नये. ‘झोपेत गेले’, ‘छातीत कळ येऊन गेले’, ‘पोहताना बुडाले’, ‘खेळताना कोसळले’, जे आठवते ते तसेच लिहावे. आजीला आठवते ते पुढच्या पिढीला आठवणार नाही. म्हणून ती आहे तोवरच विचारावे.

आई-वडील किंवा भावंडे यांपैकी पुरुषाला पंचावन्नच्या आत अथवा स्त्रीला पासष्टच्या आत हृदयविकार झाला असेल, किंवा कोणी तरुण वयात अकस्मात गेले असेल, तर तो तक्ता घेऊन डॉक्टरांकडे जावे. लिपिड प्रोफाइल करावे, लायपोप्रोटीन-ए एकदा मोजावे, आणि जनुकीय तपासणी हवी की नको हे त्यांच्यावर सोपवावे. तक्ता काढल्याने काहीच निघाले नाही, तरी लेकींची नावे वंशावळीत येतील. तेवढ्यासाठीही हे काम करण्यासारखे आहे.

संस्थेला माझी एक विनंती आहे. दहावीच्या विद्यार्थ्यांना निरोपसमारंभात आपण पुस्तक भेट देतो. त्यासोबत असा एक कोरा तक्ता छापून द्यावा. तो शाळेने परत मागू नये, तपासू नये. तो त्या मुलाच्या घरात राहावा. हुबळी-धारवाडात वैद्यकीय व्यवसाय करणारे आपले अनेक माजी विद्यार्थी येथे बसले आहेत. तक्ता कसा भरावा याचे अर्ध्या तासाचे मार्गदर्शन ते आनंदाने करतील, असा मला विश्वास वाटतो.